शून्य छापायचं की नाही, नंदा

नंदा,

तुझ्या जलदान विधीला अंगणात मांडव घातला होता. वंदना झाली आणि एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलायला लागला. गावातले कुणी गुरुजी म्हणाले, "नंदाताई मितभाषी होत्या. कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत." मी मान खाली घातली, कारण मला हसू यायला लागलं होतं आणि समोर तुझी आई बसली होती. मग मला उभं केलं. मी म्हणाले, "नंदा माझी मैत्रीण होती. आम्ही रोज भांडायचो." पुढं शब्द फुटेना. लोकांना वाटलं, रडू आलं म्हणून थांबले. रडू होतंच, पण खरं सांगू का, तुझ्या शेवटच्या मुद्द्याला काय उत्तर द्यायचं ते मी तिथं उभी राहून शोधत होते.

भांडण तसं एवढंसं. नदीवरच्या मोटरीला बसवलेल्या पेटीकडून आलेली माहिती पडद्यावर उलगडून दाखवताना, ज्याची पाण्याची मिनिटं शून्य त्याची ओळ छापायची की गाळायची? तू म्हणायचीस छापायची, मी म्हणायचे गाळायची. तू गेलीस तेव्हा कोड अर्धवट राहिला होता. सगळ्या गावांसाठीची नवी आवृत्ती द्यायची वेळ आली होती. साहेब माझ्या टेबलापाशी आले, सवयीनं म्हणाले, "ते शून्याचं तुम्ही दोघी मिळून काय ते ठरवा," आणि मग चष्मा पुसत आपल्या खोलीत गेले.

म्हणजे ते मला एकटीला ठरवायचं होतं. तुला माहीत आहे, एकटीनं ठरवायला मला अजिबात आवडत नाही. समोर कुणीतरी "चूक" म्हणणारं लागतं.

पुण्याची नोकरी सोडून मी माधवनगरला आले, तो पहिला दिवस आठवतो? मागाच्या जुन्या शेडमध्ये आपलं ऑफिस, भिंतींना अजून तेलाचा वास. मला कुणीतरी एक बिघाड बघायला दिला होता. नदीकाठच्या मोटरीवर बसवलेली आपली पेटी मोबाईलवरून निरोप पाठवते, तो आकड्या-अक्षरांचा सलग लोंढा. तो मी डीकोड करून घेतला होता, म्हणजे माझ्या मते काम झालं होतं. पडद्यावर एकाच ओळीत सगळं: कंसात कंस, त्यात पुन्हा कंस, कुणाचा व्हॉल्व्ह, किती मिनिटं, पाइपातला दाब, सगळं एकमेकांना चिकटलेलं. तू डबा हातात घेऊन मागं येऊन उभी राहिलीस.

"ही काय कडबाकुट्टी केलीस गं?"

मी म्हणाले, "डीकोड झालंय सगळं."

"व्हय? मग वाच. मोठ्यानं वाच."

मी वाचायला लागले आणि तिसऱ्या कंसात अडकले. कोणता आकडा कुणाचा, तेच सांगता येईना. तू डबा ठेवलास, खुर्ची ओढलीस आणि म्हणालीस, "वावरात हुबा ऱ्हायलेल्या माणसाला फोनवर वाचून दावता आलं पायजे. त्येला कळलं तर खरं." मला राग आला. मी म्हणाले, डिबगची, म्हणजे बिघाड शोधायची छपाई आपल्यासाठी असते, शेतकऱ्यासाठी नाही. तू म्हणालीस, "आपन काय इंद्राच्या दरबारातनं आलोय का?" मी वाईच्या घाटावरच्या शाळेत शिकलेली, शुद्ध बोलणारी, म्हणून तू त्या दिवसापासून मला 'वाईकर' म्हणायला लागलीस, आणि ते नाव ऑफिसात साहेबांपर्यंत गेलं.

पण तुझी ती परीक्षा मी उचलली. बिघाड आला की एकीनं मोठ्यानं वाचायचं आणि दुसरीनं डोळे मिटून ऐकायचं. प्रत्येक गोष्ट आपापल्या ओळीवर, आतली गोष्ट थोडी आत सरकवलेली, आकड्यापुढं त्याचं माप. वाचताना जीभ अडखळली की मांडणीत खोट आहे असं धरायचं. पुण्याच्या ऑफिसात मी असं केलं असतं तर लोकांनी मला सुट्टीवर पाठवलं असतं. इथं तू माझा आवाज ऐकत पाय हलवत बसायचीस आणि मध्येच म्हणायचीस, "थांब. दाब परत सांग." बहुतेक वेळा बिघाड तिथंच असायचा. हे मी तुला कधी म्हटलं नाही, कारण तू चढून बसली असतीस.

मग ते पाळीचं रामायण. हे मी मांडवात सांगणार होते, पण धीर झाला नाही.

कुंडलची स्कीम तुझ्याच गावची. नदीवर एक मोटर, एक पाइपलाइन, तिच्यावर चौदा-पंधरा घरांचे व्हॉल्व्ह, आणि एकामागून एक पाण्याची पाळी. हंगामाच्या सुरुवातीला नवं पाळीपत्रक पेटीत भरलं होतं. मोटर सांभाळणाऱ्या बाजीराव तात्यांचा फोन आला. "म्याडम, पेटीवरचं अक्षार दिसंना झालंय. पयली पाळी कुणाची तेवढं सांगा की." मी पडद्यावर बघितलं. काय सुंदर छापलं होतं! मी ऐटीत वाचलं, "पहिली अर्जुन यांची, मग बाजीराव, मग दत्तू." तात्या म्हणाले, "बरं. पेटी म्हनती तर तसं."

तू चहा घेऊन आत येत होतीस. "कुणाची पयली म्हणालीस?"

"अर्जुन. म्हणजे तुझ्या आबांची ना गं?"

तू कप खाली ठेवलास आणि हसत सुटलीस. हसता हसता खालीच बसलीस. "माझा बाप पयला? त्या पाइपावर? आगं, आमी शेपटाला हाय! आमचं वावर वलं हुस्तवर बाकीच्यांचा ऊस तोडायला येतोय!"

आपण घाईनं मूळ निरोप काढला. त्यात क्रम बरोबर होता, आबा सगळ्यात शेवटी. छपाईसाठी आपण जी आयती सोय वापरत होतो, तिनं नावं इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावून टाकली होती, कुणाला न विचारता, फक्त नीट दिसावं म्हणून. पेटी बरोबर, माहिती बरोबर, चूक फक्त दाखवण्यात. तोवर तिकडं तात्यांनी शेपटाकडचा व्हॉल्व्ह उघडला होता आणि ज्यांची खरी पहिली पाळी, ते खोरं घेऊन मोटरीवर आले होते. शिव्यागाळ सुरू झाली होती. ती थांबवली आबांनी. वावरात पाणी आलेलं बघून ते स्वतः चालत गेले आणि आपला व्हॉल्व्ह बंद करून आले. "माझी पाळी न्हाई ही," म्हणाले, "कायतरी चुकलंय. पोरीला इचारतो."

त्या दुपारी तू आधी हसलीस आणि मग बराच वेळ हसली नाहीस. मी विचारलं, आबांना शेवटी कुणी ठेवलं? तू म्हणालीस, फौजेतनं आल्यावर त्यांनी जमीन घ्यायला काढली तेव्हा पाइपाच्या टोकाचाच तुकडा विकायला होता. "मुद्दाम कुणी ठिवलं न्हाई गं. पर पुढं बी कुणी घेतलं न्हाई." एवढंच. पुन्हा तो विषय तू काढला नाहीस, मलाही काढता आला नाही. जगभरच्या गप्पा मारणाऱ्या आपण दोघी, त्या एका गोष्टीपाशी नेहमी वळसा घालून जायचो.

क्रमाचं भांडण मिटलं. तू म्हणत होतीस, "जसं आलंय तसं दाव, नटवू नको." मी म्हणत होते, नुसतं जसंच्या तसं ओतलं तर पुन्हा कडबाकुट्टी. शेवटी क्रम आला तसा ठेवला आणि प्रत्येक ओळीपुढं क्रमांक घातला. अर्धं तुझं, अर्धं माझं. आपली सगळी चांगली कामं अशीच झाली आहेत.

शून्याचं मात्र जमलं नाही. मोठ्या स्कीममध्ये साठ-सत्तर नावं असतात. कुणाची जमीन पडीक, कुणी यंदा पाणीच घेतलं नाही, त्यांची मिनिटं शून्य. मी त्या ओळी गाळून टाकल्या आणि पडदा कसा लख्ख झाला! त्यामुळंच मला एका गावचा बिघडलेला दाबमापक एका नजरेत सापडला. तो तुला मी नाचत येऊन दाखवला होता. शून्यांच्या गर्दीत तो दिसला नसता, हे तूही मान्य केलंस. पण लगेच म्हणालीस, "सापडला ते बेस झालं. पर ज्येंची नावं गाळलीस ती हाईत का गेली, हे तुला कसं कळायचं?"

"शून्य म्हणजे नाहीच की, नंदा."

"शून्य म्हंजी हाय! हाय, पर मिळालं न्हाई. आनि नाव दिसंना झालं की मानूस इसरतंय."

मी म्हणाले, हा भावनेचा मुद्दा आहे, कोडचा नाही. तू म्हणालीस, कोड काय झाडाला लागतो का, माणसंच लिहितात. मग जे सुरू झालं ते शुक्रवारपर्यंत चाललं. शुक्रवारी तुझं डोकं दुखत होतं. पलूसच्या गाडीची वेळ झाली म्हणून तू पर्स उचललीस आणि दारातून म्हणालीस, "सोमवारी बघते तुझ्याकडं, वाईकर."

सोमवारी तू मिरजेच्या दवाखान्यात होतीस आणि तुला कुणाचंच ऐकू येत नव्हतं. मी काचेबाहेर उभी होते. मला आत सोडलं तेव्हा बोलायला चांगलं काही सुचेना. मी तुझ्या कानाशी म्हणाले, "बरं बाई, छापू शून्य. ऊठ." खोटं बोलले. मला ते पटलेलं नव्हतं, आणि तुला माझं खोटं लगेच कळतं. तू उठली नाहीस.

मला तुझी फार आठवण येते, आणि त्याहून जास्त तुझा राग येतो. डोकं दुखतंय तर सुट्टी घ्यायची, डॉक्टरला दाखवायचं, हे तुला कुणी सांगायचं? मी सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "आली वाईची डाक्टरीन." कुणाच्या नावानं बोटं मोडायची तेही कळत नाही. शेडमध्ये आता मी वाचते तेव्हा ऐकणारं कुणी नसतं, मनातल्या मनातच वाचते, आणि मनात जीभ अडखळत नाही.

तुझे दिवस झाले त्यानंतर मी कुंडलचा निरोप उघडला. बिघाड काही नव्हता, उगाच, तुझं गाव म्हणून. क्रमांकानं नावं होती. पहिलं, दुसरं, तिसरं, करत शेवटापर्यंत आले, आणि शेवटी आबा नव्हते. अर्जुन हे नावच नव्हतं.

नंदा, कोड मी लिहिलेला, गाळणी मी लावलेली, तरी त्या क्षणी मला ते आठवलंच नाही. मला आठवलं तुझं ते वाक्य, पुढं बी कुणी घेतलं न्हाई. मला वाटलं, पोरगी गेली, घरात बोलणारं कुणी उरलं नाही, आणि यांनी म्हाताऱ्याला पाइपावरून काढून टाकलं. मी साहेबांना न सांगता पर्स उचलली आणि पलूसची एसटी धरली. गाडीत बसल्यावर कुठं लक्षात आलं की नाव काढलेलं असेल किंवा शून्य असेल, आणि यातलं कुठलं ते मला माझ्याच छपाईतून कळणार नाही. मूळ निरोप बघायचा राहिला होता आणि लॅपटॉप माधवनगरला टेबलावर. तेव्हा मी गाडीत मोठ्यानं एक शिवी दिली, तुझ्याकडून शिकलेली. शेजारच्या मावशी सरकून बसल्या.

मोटरीवर बाजीराव तात्या होते. मी सरळ विचारलं, "आबांचं नाव कुणी काढलं?"

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "आवं, कोन काढंल? त्येनीच सांगितलं, माझ्यात शून्य घाला. लय समजावलं मी. ऊस वाळाय लागलाय त्येंचा. पर ज्येची पाळी त्येच्या तोंडानं. मी कसं पानी सोडू?"

आबा बांधावर बसले होते. उसाची पानं गुंडाळत आली होती. मला बघून उठायला लागले तशी मीच खाली बसले. मी म्हणाले, "आबा, पाणी का बंद केलं?"

त्यांनी हातातलं ढेकूळ फोडलं. मग म्हणाले, "शेपटाला पानी यायला लय येळ लागतोय, पोरी. पाळी लागली की ती तिकडनं फोन करायची. आबा, आलं का? न्हाई म्हनलं की परत करायची. आलं म्हनलं की मग चहा प्यायची, आसं सांगायची. आता पानी आलं तर फोन न्हाई वाजायचा. त्यापरास पानीच नको म्हनलं."

बघ, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. दर पाळीला तू फोन घेऊन शेडच्या मागच्या दाराशी जायचीस. मला वाटायचं, कुणीतरी आहे. मी तुला त्यावरून किती चिडवलं! तू नुसती "तुला काय करायचंय" म्हणायचीस.

मी आबांना म्हणाले, "फोन मी करीन." त्यांनी एक पान तोडलं, उलटंसुलटं केलं, आणि "चहा घिऊन जा, आय वाट बघत आसंल," म्हणाले. तुझ्या आईनं चहा दिला. मी शेवटच्या गाडीच्या आधी निघाले.

दुसऱ्या दिवशी मी शून्य छापायला सुरुवात केली. जास्त खूश होऊ नकोस. सगळी नावं येतात, शून्यवाली फिक्या अक्षरात, म्हणजे बिघडलेली ओळ ठळक उठून दिसते. अर्धं तुझं, अर्धं माझं, आणि माझा मुद्दा अजून उभा आहे. शून्य छापलेलं असतं तरी ते का शून्य आहे, ते तुझ्या छपाईला सांगता आलं नसतं. ते कळायला मला एसटी धरावी लागली. यावर तुझं काहीतरी उत्तर असणारच, तयारच असेल, आणि ते मला कधी मिळणार नाही. ते मी ऑफिसातल्या बाकीच्या माणसांच्या तोंडून ऐकायचा प्रयत्न करीन, पण ती माणसं माझ्याशी फार सभ्यपणे बोलतात.

साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "छान." बस, तेवढंच. मी उभी राहिले होते, कुणीतरी वाद घालेल म्हणून.

कुंडलच्या नावांत शेवटची ओळ काही दिवस फिकीच होती. मी रोज बघत होते. फोन केला नाही, कारण पाळी नसताना कशासाठी करायचा? मग आज सकाळी ती ओळ काळी झाली होती. अर्जुन, आणि पुढं त्यांची मिनिटं, पुरी. दुपारी त्यांच्या आधीची पाळी संपली, त्यांचा व्हॉल्व्ह उघडल्याचं पडद्यावर आलं. मी फोन घेऊन शेडच्या मागच्या दाराशी गेले. तिथं उन्हात उभं राहून तू इतके दिवस काय बघायचीस कोण जाणे, समोर नुसती भिंत आहे.

"आबा, आलं का?"

"न्हाई अजून."

मी थांबले. पुन्हा लावला. तिकडं त्यांनी फोन कानालाच धरून ठेवला असावा, एकही रिंग पूर्ण झाली नाही. आधी काहीच ऐकू येईना, मग पाइपातून हवा सुटल्याचा फसफस आवाज आला, आणि मग पाण्याचा.

"आलं का, आबा?"

"आलं," ते म्हणाले. नाक ओढल्याचा आवाज आला. पाणी सरीत उतरत होतं ते मला ऐकू येत होतं. मग ते म्हणाले, "फुडच्या पाळीला बी इचार."